नेहमीसारखं म्हणजे कसं?

मी प्रोग्रॅमिंग शिकलो ते घरी बसून, व्हिडिओ बघत, चुका करत. कॉलेजबिलेज काही नाही. त्यामुळे ‘प्रक्रिया सुधारणा प्रशिक्षण, सर्वांना सक्तीचं’ अशी मेल आली तेव्हा मला हसूच आलं. आमची कंपनी लिफ्टचं सॉफ्टवेअर बनवते. आणि शिकवायला आलेले मास्तर मात्र धापा टाकत जिन्याने वर आले, कारण आमच्याच इमारतीची लिफ्ट बंद.

“लिफ्टवाले ना तुम्ही?” एवढंच म्हणाले आणि पाणी मागितलं. तिथेच मला आवडले.

पण माझं टेन्शन वेगळंच होतं. ताईला बाळ झालं होतं. भाऊजींची रजा संपत आलेली. ताईने फोनवर बजावलं होतं, “सोमवारपासून आठवडाभर तू यायचंस. आणि लॅपटॉप दिसला तर दारातूनच परत पाठवेन.”

तिचं चूक नाही. तिच्या लग्नात मी हॉलच्या मागच्या बाजूला लॅपटॉप मांडीवर घेऊन रिलीज करत बसलो होतो. रिलीज म्हणजे नवीन सॉफ्टवेअर गिऱ्हाइकांच्या लिफ्टपर्यंत पोचवणं. आमच्याकडे ते फक्त मला जमतं. लग्नाच्या एका फोटोत माझे बूट आलेत. तेवढीच माझी हजेरी.

आणि नेमकं पुढच्याच आठवड्यात रिलीज.

साहेबांकडे सुट्टी मागितली. “अरे बाबा, तू गेलास तर रिलीज काय मी करू? मला माझा पासवर्ड आठवत नाही!”

खरं सांगतो, वाईट वाटायच्या आधी मला भारी वाटलं. डिग्री नसलेल्या माणसाला असं कुणी म्हणणं म्हणजे डिग्रीच की.

प्रशिक्षण सुरू झालं. मास्तरांनी फळ्यावर एक जिना काढला. “ही सगळ्यात खालची पायरी. इथे कंपनी हीरोच्या जिवावर चालते. हीरो आला, काम झालं. हीरोला ताप आला, की कंपनीला ताप.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कॉलर ताठ केली.

“ही स्तुती नाही बरं का,” मास्तर म्हणाले.

मी कॉलर खाली केली.

वरच्या पायरीवर म्हणे काम एकाच्या डोक्यात राहत नाही. नीट लिहिलेलं असतं, दुसरं कुणीही करू शकतं. मग त्यांनी खेळ दिला. आपलं काम लिहून काढायचं, दुसऱ्याने फक्त ते वाचून करून दाखवायचं. लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही.

माझी ट्यूब पेटली. “साहेब, माझं लिहिलेलं वाचून दुसऱ्याने रिलीज केलं तर सुट्टी देणार?”

साहेब मागच्या रांगेत डुलक्या काढत होते. सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? “केलं तर घे.”

“मी करते,” टेस्टर म्हणाली. झालं! सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणाऱ्या आमच्या ह्या टेस्टरला सगळे शंकासुर म्हणतात. तिच्या तोंडावरसुद्धा. तिला ते आवडतं.

सरावाचं रिलीज होतं, खऱ्या लिफ्टला धक्का नव्हता. शंकासुराने वाचायला घेतलं. “‘पहिला प्रोग्रॅम नेहमीसारखा चालू करा.’ नेहमीसारखा म्हणजे कसा?”

“अगं नेहमीसारखा!”

“तोंड!” मास्तर ओरडले.

“मी जन्मात पहिल्यांदा करतेय. मला ‘नेहमी’ कुठून येणार?”

मुद्दा होता. मी ते दुरुस्त करून दिलं. पुढे लिहिलं होतं, ‘मग जरा थांबा आणि दुसरा चालू करा.’ ती थांबली, पाणी प्यायली, बटण दाबलं. स्क्रीन लाल.

“जरा म्हणजे किती?”

“ते कळतं.”

“कुणाला?”

“ऊठ, मी दाखवतो.” मी बसलो. पहिला प्रोग्रॅम, जरा थांबलो, दुसरा. लाल. परत केलं. परत लाल. माझे कान तापले. साहेबांची डुलकी पार उडालेली. ताई डोळ्यांसमोर आली, हातात लाटणं घेऊन.

“ह्या खोलीत काहीतरी गडबड आहे,” मी म्हणालो. “माझ्या जागेवर चला.”

अख्खी वरात जिना उतरून माझ्या टेबलाशी. तिथे केलं, एका फटक्यात हिरवं!

“बघा!”

“काय बघा?” मास्तर म्हणाले. “परत करा, सावकाश. थांबता तेव्हा तुम्ही काय करता?”

“काहीच नाही.”

“मान वाकडी करतोस,” शंकासुर म्हणाली. “टेबलाखाली. कुत्र्याला चाहूल लागते ना, तशी.”

टेबलाखाली जुनं मशीन होतं; बटण कुठल्याही खोलीतून दाबा, रिलीजचे प्रोग्रॅम चालतात त्याच्यावरच. पहिला प्रोग्रॅम सुरू झाला की त्याचा पंखा घोंघावतो. मग आवाज उतरतो. तो उतरला की मी बटण दाबतो. आईशप्पथ, मला स्वतःला माहीत नव्हतं! लग्नाच्या हॉलमध्ये कसं जमलं होतं? तिथे ऑफिसचं नेटवर्क नाही, म्हणून हेच मशीन खांद्यावरून नेलं होतं, लॅपटॉपला जोडायला.

“म्हणजे लोकांच्या लिफ्टा ह्याच्या कानावर चालतात?” साहेब मटकन खुर्चीत बसले.

“लिहितो ना,” मी म्हणालो. “पंखा शांत झाला की दाबा.”

“आणि मी वरच्या खोलीत असले तर? पंखा बदलला तर?” शंकासुर सुरू झाली. “मुळात तो बोंबलतो कशाने?”

शोधलं. मशीन तेव्हा जुन्या फायली बांधून बाजूला ठेवतं. ते झालं की स्क्रीनवर ‘पूर्ण’ अशी बारकी ओळ येते. दर रिलीजला येत होती. मी तिकडे कधी बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वरच्या खोलीत परत परीक्षा. शंकासुर वाचत गेली, करत गेली. एका जागी अडली, बोट हवेत. मला उत्तर माहीत होतं. मी दोन्ही हात मांडीखाली दाबले, ओठ गच्च. तिने मागची ओळ पुन्हा वाचली. “हां, असं होय.” ‘पूर्ण’ आलं. बटण. हिरवं!

टाळ्या पडल्या. “एवढंच होतं?” शंकासुर म्हणाली. “ह्याच्यावर इतके दिवस भाव खात होतास?”

“जा बाबा मामा,” साहेब म्हणाले.

मी खूश होतो, पण पूर्ण नाही. मास्तर निघाले तसा जिन्यात त्यांना गाठलं. “सर, आता सगळ्यांना येतंय. मग माझं काम काय उरलं?”

“ती लिफ्ट बघा आधी,” ते म्हणाले आणि कठड्याला धरून उतरायला लागले.

रिलीजच्या दिवशी मी ताईच्या घरी होतो. फोन वाजेना. शेवटी मीच लावला.

“कधीच झालं,” शंकासुर म्हणाली. “जेवतेय. आणि दुसऱ्या पानावर ‘वगैरे’ लिहिलंयस. वगैरे म्हणजे काय ते आल्यावर सांग. ठेव आता.”

तेवढ्यात ताईने बाळ माझ्या हातात कोंबलं. “धर, मी अंघोळ करून येते. रडला तर नेहमीसारखं थोपट.”

“ताई! नेहमीसारखं म्हणजे कसं?”

दार बंद. आतून नळाचा आवाज. बाळाने एकदा माझ्याकडे बघितलं आणि भोकाड पसरलं. मी पाठीवर थोपटलं, मग जरा हळू, मग खांद्यावर घेतलं. इथे ‘पूर्ण’ अशी कुठली ओळ येणार नव्हती. मी मान वाकडी केली आणि आवाज उतरायची वाट बघत उभा राहिलो.