पाठीवरची पट्टी

आईच्या मांडीचं मोडलेलं हाड जोडून चार दिवस झाले होते. सकाळी दहाला लेक वॉर्डात शिरली, तर आई गाढ झोपलेली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं बोलून निवृत्त झालेली ही बाई. ऑपरेशनच्या टेबलावरसुद्धा तिनं भूल देणाऱ्या डॉक्टरांना, घरी कोण कोण असतं, असं विचारलं होतं. आता हाक मारली तर पापण्या जेमतेम हलल्या.

"औषधाची गुंगी आहे, झोपू द्या त्यांना," शेजारच्या खाटेवरचं सलाईन बदलणारी नर्स म्हणाली.

लेक ड्रायव्हिंग स्कूल चालवायची. शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून तिनं बावीस वर्षं काढली होती. समोरून ट्रक येत असताना आवाज न चढवता 'ब्रेक' म्हणायचं कसं, हे तिच्या अंगात मुरलं होतं. तिनं घड्याळ बघून आईचे श्वास मोजले. मिनिटाला सात, एरवीच्या निम्मेच. पुन्हा मोजले, सातच.

"सिस्टर, ते राहू द्या. इकडे या आणि स्वतः मोजा."

"अहो, आजींचं वय—"

"वय कालच्याइतकंच आहे. काल तिनं मला अर्धा तास तोंड उघडू दिलं नव्हतं."

नर्सनं मोजले आणि तिचा चेहरा उतरला. ती फोनकडे धावली. लेकीनं आईचं डोकं वर करायला पाठीखाली हात घातला, तर बोटांना काहीतरी गुळगुळीत लागलं. दुखणं थांबवणारी औषधी पट्टी. तिच्यावर पेनानं परवाची तारीख. तशीच एक पट्टी छातीवर होती, कालच्या तारखेची. काल संध्याकाळी आईला या वॉर्डात हलवलं होतं. इथल्या लोकांनी पाठ न बघताच दुसरी चिकटवली होती; दुप्पट औषधानं श्वास मंदावला होता.

 डॉक्टर येताच ती एवढंच बोलली, "दोन पट्ट्या आहेत. तारखा वाचा."

पुढची दहा मिनिटं कुणी फालतू बोललं नाही. पट्ट्या निघाल्या, ऑक्सिजन लागला, औषधावर उतारा म्हणून इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं आईनं डोळे उघडून भोवतीची गर्दी न्याहाळली.

"एवढी माणसं कशाला जमलीत? मी गेले की काय?"

दुपारी धाकटा भाऊ तणतणत आला. "ताई, एकेकाला कोर्टात खेचतो बघ."

"खेच. पण आधी बस. आत्ता आरडाओरडा केलास तर सगळे तोंडाला कुलूप लावतील. मला कागद हवाय."

फाइलमध्ये डॉक्टरांनी 'औषधाची थोडी गडबड' असं लिहायला घेतलं होतं.

"गडबड नको, डॉक्टर. पट्ट्या दोन, तारखा दोन, किती वाजता काढल्या आणि श्वास किती होते, एवढंच लिहा. आणि मला त्याची प्रत द्या."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, चष्मा सारखा केला आणि ओळ खोडून नव्यानं लिहिलं.

खरी लढाई दुसऱ्या दिवशी झाली. उतारा दिल्यापासून आईला साध्या तापाच्या गोळीवर ठेवलं होतं. चादर मुठीत धरून ती दात आवळत होती. व्यायाम करून घेणारी बाई आली, तशी परत गेली.

"आता जोखीम नको," डॉक्टर म्हणाले.

"दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे मला कळतं. फुंका ना, पण प्यायला तर द्या. चूक तुमची आणि कळा हिनं सोसायच्या, हे मला मान्य नाही."

वेदनांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना बोलावल्याशिवाय लेक खुर्चीवरून उठली नाही. त्या तासाभरात आल्या. औषध थोडं थोडं द्यायचं, दर तासाला श्वास मोजायचे, असं ठरलं. संध्याकाळी आईची मूठ सैल झाली.

मेट्रननं भावंडांना केबिनमध्ये बोलावून सरळ माफी मागितली. वॉर्ड बदलताना दोन नर्सनी मिळून रोग्याचं अंग पुढून-मागून तपासायचं, असा नियम लावल्याचंही सांगितलं. भावानं तरीही तक्रार लिहिली. लेकीनं त्यातला 'खुनी' हा शब्द काढून खाली सही केली. श्वास मोजणारी ती नर्स जिन्यात भेटली. "तुम्ही मोजायला आलात," लेक म्हणाली, "आणि लगेच फोन केलात. तेही मी तक्रारीत घातलंय."

सहाव्या दिवशी आई वॉकर धरून उभी राहिली. आठ पावलं टाकून खिडकीजवळच्या खुर्चीत टेकली, पदरानं घाम पुसला आणि म्हणाली, "उद्या दारापर्यंत."