ताळा करणाऱ्या मुलीचा निकाल

मी एक जुना पांढरा फळा आहे. क्वीन्सटाउनमधल्या एका खाजगी कॉलेजात, चाचणीच्या खोलीत माझा मुक्काम असतो. मित्रांनो, गुळगुळीत अंग आणि चार चाकं घेऊन मी इथे आलो, तेव्हाचा माझा थाट काय वर्णावा! शिक्षक माझ्यावर समीकरणं सोडवत आणि मुलं टकामका बघत. मग संगणक आले आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. माझ्यावर ओल्या छत्र्या टांगल्या जाऊ लागल्या. कुणीतरी चिकटपट्टीने सूचना लावली आणि तशीच ओरबाडून काढली. त्याचे डाग अजून अंगावर आहेत.

संगणकाचा कारभार मात्र झटपट. नव्या विद्यार्थ्याने इंग्रजी आणि गणिताची चाचणी द्यायची आणि वेळ संपताच पडद्यावर त्याचा वर्ग उमटायचा. खालचा वर्ग उमटला, की आधी तयारीचा वर्ग, आणि मूळ अभ्यासक्रम सहा महिने लांबणीवर.

यंदा कस्तुरी आली. पुण्याहून गेल्या वर्षी आलेली, बुकित पंजांग या भागात राहणारी मुलगी. सोबत तिची आई, मेधाताई. चाचणी संपली आणि पडद्यावर उमटलं, दोन्ही विषयांत खालचा वर्ग! मला धक्काच बसला. ही पोर कच्च्या कागदावर किती मन लावून गणितं सोडवत होती, ते मी पाहिलं होतं. मी तर पांढराफटक पडलो. म्हणजे मुळातच तसा आहे, पण तुम्ही समजून घ्या.

“अगं, अर्धे प्रश्न कोरे कसे?” मेधाताईंनी विचारलं.

“आई, ताळा करत होते ना! तूच सांगतेस, ताळा जुळल्याशिवाय पुढचं गणित घ्यायचं नाही.”

उत्तर उलटं तपासून बघायची ही सवय मेधाताईंनीच लावलेली. इंग्रजीतही कस्तुरी प्रत्येक वाक्य पुन्हा पुन्हा वाचत बसली होती. संगणकाने कोरं ते चूक धरलं. आपल्याच शिस्तीने लेकीचे सहा महिने बुडवले, या विचाराने त्यांचे डोळे भरून आले. चाचणी घेणाऱ्या मिस लिमना त्यांनी सगळं सांगितलं.

“एव्हरी क्वेश्चन यू चेक? रिअली आह?” मिस लिम थक्क झाल्या. त्यांनी मला कोपऱ्यातून ओढून आणलं आणि कस्तुरीच्या हातात मार्कर दिला. “डू हिअर, टेल मी एव्हरी स्टेप. नो टायमर. स्लोली कॅन.”

किती दिवसांनी माझ्या अंगाला शाई लागली! कस्तुरीने एकामागून एक समीकरणं सोडवली, प्रत्येक पायरी इंग्रजीतून समजावली आणि हो, ताळाही केला. एकही चूक नाही. गणित ऐकता ऐकता तिचं इंग्रजीही चांगलं आहे, हे मिस लिमना कळलं. त्यांनी लगेच प्रमुखांना बोलावलं. शाळेतले गुणही पाहिले गेले आणि कस्तुरीला मूळ वर्गात जागा मिळाली.

तेव्हा मेधाताईंनी डोळे पुसत विचारलं, याआधी ज्यांचे प्रश्न कोरे राहिले, त्यांना कुणी असं विचारलं होतं का?

मिस लिमनी नकारार्थी मान हलवली. मित्रांनो, त्या नकाराने मला निकालापेक्षा मोठा धक्का बसला.

आता इथे नुसत्या चाचणीवर कुणाचा वर्ग ठरत नाही. शाळेचे गुण बघतात आणि मुलांना माझ्यासमोर उभं राहून बोलू देतात. मला पुसा, जपा, पक्क्या शाईने माझ्यावर लिहू नका, ही माझी विनंती आहेच. पण त्याहून मोठी विनंती अशी, की कुणाची जागा कोरी दिसली तर तिथे लगेच शून्य मांडू नका. आधी त्याला विचारा, “तेवढा वेळ तू काय करत होतास?”