माझ्या पाठीवरचं नाव

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी बाक आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मला राग आलेला आहे. बाकानं मुकाट्यानं सोसावं, बोलू नये, असं सगळ्यांना वाटतं. पण ज्याच्या पाठीवर बारा वर्षं भलत्याचंच नाव मिरवत होतं, त्यानं कधीतरी तोंड उघडायचं की नाही?

माझा जन्म भोसरीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. नवनाथ नावाच्या वेल्डरनं मला जोडलं. उन्हाळा होता, शेड तापली होती, पण त्यानं माझा एकही सांधा कच्चा ठेवला नाही. मग मला करडा रंग दिला. मी स्वतःवरच खूश होतो. दुसऱ्या दिवशी एक पेंटर आला आणि त्यानं माझ्या पाठीवर पिवळ्याधमक अक्षरांत लिहिलं, 'कार्यसम्राट नगरसेवक मा. साहेबराव अण्णा यांच्या सौजन्याने.' बसायच्या पट्ट्या तीन आणि नावाच्या ओळी चार! नवनाथचं नाव कुठेच नव्हतं. मला वाटलं, अण्णांनी स्वतःच्या खिशातून पैसे दिले असतील. तेव्हा मी नवा होतो, भोळा होतो.

मला संत तुकाराम नगरच्या एका गल्लीत, सरकारी दवाखान्यासमोर बसवलं. सकाळी चाकणला जाणारे कामगार कंपनीच्या बसची वाट बघत माझ्यावर टेकत. दुपारी बाया लेकरांना लस टोचायला आणत आणि त्यांना शांत करायला माझ्यावर बसत. "बरं झालं बाकडं आहे," असं कुणी म्हटलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

पाच-सहा वर्षांनी माझा डावा पाय गंजला. लोकांनी अर्ज दिले, अण्णांच्या कार्यालयात खेटे घातले. कुणी आलं नाही. पण मित्रांनो, ऐका, दर वर्षी अण्णांच्या वाढदिवसाला पेंटर मात्र न चुकता यायचा आणि माझ्या पाठीवरचं नाव नव्यानं उजळून जायचा. पाय मोडका, नाव कोरं करकरीत! शेवटी शेजारच्या गॅरेजमधून जहीरभाई आले. त्यांनी मला आडवं केलं, जुन्या पाइपाचा तुकडा कापून पाय जोडला आणि कुणाकडे चहासुद्धा मागितला नाही. त्या दिवसापासून मी मनानं त्यांचाच झालो.

जहीरभाई उदगीरकडून आलेले, पन्नाशी ओलांडलेले. दुचाक्या दुरुस्त करतात. त्यांची एक खोड होती. घरपट्टीचं बिल आलं की ते पहिल्या आठवड्यातच रांगेत उभे राहायचे. "रस्ता आपण वापरतो, पाणी आपण पितो, मग पैसे कुणी द्यायचे? फुकटचं अंगी लागत नाही," असं ते म्हणत.

त्यांचे दोस्त रंगराव याच्या अगदी उलट. ते इथल्याच गावठाणातले. तीन मजले चढवून सोळा खोल्या भाड्यानं दिलेल्या. घरपट्टीचं बिल आलं की त्याची नीट घडी करून ते हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवत. रोज संध्याकाळी हे दोघं माझ्यावर बसत, आणि जहीरभाईंच्या पत्नी फरीदाबी दवाखान्यातून औषध घेऊन आल्या की त्याही टेकत.

यंदा निवडणूक लागली. प्रभागात जागा चार होत्या, पण आमच्या गल्लीत चर्चा एकाच जागेची. अण्णा पुन्हा उभे होते. त्यांचं वचन होतं, सगळ्यांची थकबाकी माफ आणि लहान घरांची घरपट्टीच बंद. त्यांच्यासमोर कॉलेजात हिशेब शिकवणाऱ्या तेजस्विनीताई होत्या. त्यांनी सांगितलं, "मी काही माफ करणार नाही. पण तुमचा पैसा कुठे गेला, ते दर तीन महिन्यांनी चौकात लिहून लावीन."

आचारसंहितेत पुढाऱ्यांची नावं झाकावी लागतात. म्हणून दोन माणसं खळीचा डबा आणि जुनी वर्तमानपत्रं घेऊन आली, माझ्या पाठीवर एक पान चिकटवून घाईनं पुढच्या गल्लीत गेली. त्या पानावर काय होतं माहीत आहे? अण्णांच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात! नाव झाकायला आले आणि फोटो लावून गेले. फरीदाबींची हसून हसून मुरकुंडी वळली. जहीरभाईंनी टायरच्या खोक्याचा पुठ्ठा आणून त्यावर बांधला.

पण जहीरभाई हसत नव्हते. त्यांचं मत ठरत नव्हतं.

"जहीरभाय," रंगराव मांडीवर थाप मारून म्हणाले, "तुमी वीस वर्सं भरत बसला, आमी थांबलो. आता अण्णा आलं की समदं माफ. मंग शाना कोन?"

जहीरभाईंचा चेहरा लाल झाला. "म्हणजे मी येडा का, राव? ज्यानं बुडवलं त्याला बक्षीस, आणि ज्यानं भरलं त्याला काय? मला कुणी कधी एक पैसा सोडला का?"

मित्रांनो, त्यांचा प्रश्न मला आरपार लागला. आयुष्यभर केलं ते शहाणपण की खुळेपणा, हेच त्यांना कळेना. घरात अडचणही होती. बॅटरीच्या गाड्या आल्यापासून गॅरेजचं काम निम्म्यावर आलं होतं आणि मुलीची, हीनाची, नर्सिंगची फी डोक्यावर होती.

"अण्णांना मत दिलं तर आपलीपण घरपट्टी वाचते," ते फरीदाबींना म्हणाले. "सगळी दुनिया लुटतीय. मीच एकटा तत्त्व घेऊन का बसू?"

फरीदाबींनी हातातली पिशवी माझ्यावर ठेवली. "ही तुमची शुगरची गोळी कुठून येते? समोरच्या दवाखान्यातून. घरपट्टी बंद झाल्यावर अण्णा ती घरून आणून देणार हायेत काय?"

"आणि त्या ताई? निवडून आल्यावर त्याही तसल्याच निघाल्या तर?"

"तर त्यांना जाब विचारा. अण्णांना कधी विचारता आला का?"

जहीरभाई पिशवी उचलून घराकडे निघाले.

गुरुवारी कारखान्यांना सुट्टी असते. त्या दिवशी गॅरेजात गर्दी असते आणि गल्लीत प्रचाराचीही. अण्णा हार घालून, हात जोडत आले. जहीरभाईंच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "जहीरभाई, यंदा लक्ष असू द्या. हे बाकडं मी दिलंय तुम्हाला. त्याची तरी जाण ठेवा."

जहीरभाईंनी हातातला पाना खाली ठेवला. "तुम्ही दिलं? खिशातनं दिलं का, अण्णा?"

"खिशातनं कसं? माझ्या निधीतनं."

"निधीत पैसा कुणाचा?"

अण्णा हसले, पण ते हसू ओठांपुरतंच होतं. "तुम्ही लई हिशेबी झालात, भाई," म्हणाले आणि पुढच्या दुकानात शिरले.

मला तेव्हा सगळं कळलं. बारा वर्षं मी ज्यांचे उपकार मानत होतो, त्यांनी छदाम दिला नव्हता. मला घडवलं नवनाथनं, माझी किंमत मोजली रांगेत उभं राहणाऱ्या माणसांनी, आणि पाय जोडला जहीरभाईंनी. अण्णांनी नुसतं नाव लिहिलं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र, दुसरं काय! मला तोंड असतं तर मी त्या गर्दीत ओरडलो असतो.

मतदानाच्या दिवशी जहीरभाई बोटाला शाई लावून आले आणि माझ्यावर शांत बसले. मत कुणाला दिलं, ते फरीदाबींनी विचारलं नाही, आणि मलाही विचारावं लागलं नाही.

तेजस्विनीताई थोड्याच मतांनी निवडून आल्या. गुलाल उडाला, आणि चौथ्याच दिवशी समाधान नावाचा पेंटर डबा-ब्रश घेऊन हजर झाला. त्यानं पुठ्ठा सोडला, कागद खरवडला, अण्णांच्या नावावर करडा रंग मारला. मी सुटकेचा श्वास सोडतोय तोच त्यानं पिवळा रंग काढला आणि लिहायला घेतलं, 'नगरसेविका मा. ते...'

"थांब!" जहीरभाई गॅरेजातून धावतच आले. "कुणी सांगितलं?"

"ताईंच्या कार्यकर्त्यांनी. मला काय, चाचा, मी रंगारी."

"बोलव तुझ्या ताईंना."

त्या खरंच आल्या. 'ते' एवढं अक्षर बघून त्यांचा चेहरा पडला. "मला न विचारता केलं हो मुलांनी."

"विचारलं नसेल. पण थांबवता तर येतं ना? मी मत दिलंय तुम्हाला. माझी घरपट्टी वाचत होती, ती सोडून दिलंय. ते या पिवळ्या रंगासाठी नाही."

ताई समाधानकडे वळल्या. मग म्हणाल्या, "पुसून टाक."

"मग लिहू काय?" समाधान वैतागला.

"लिहायचंच असेल तर ज्यांनी ज्यांनी घरपट्टी भरली, त्या सगळ्यांची नावं लिही," जहीरभाई म्हणाले.

"एवढी नावं बाकड्यावर मावतील का, चाचा?"

"नाही ना मावत? मग कुणाचंच नको."

समाधाननं 'ते' पुसलं. रंगराव मघापासून कडेला उभे होते. ते माझ्याजवळ आले, पण बसले नाहीत. ओल्या कोऱ्या रंगाकडे बघत हळूच म्हणाले, "आन् मावली असती, तरी माझं नसतं आलं त्यात, जहीरभाय."

 जहीरभाईंनी बसायच्या पट्ट्यांवरची धूळ फडक्यानं पुसली आणि रंगरावांसाठी जागा केली.

मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही. तुमच्याही गल्लीत माझे भाऊबंद असतील, पाठीवर कुणाकुणाचं नाव घेऊन उभे. त्यांचे पाय गंजू देऊ नका. आणि त्यांच्यावर बसून कुणाचे आभार मानायचे असतील, तर घरी जा आणि घरपट्टीच्या रांगेत उभं राहून आलेल्या तुमच्या आईचे, बाबांचे माना.

रंगरावांच्या घरचं टेबल हल्ली पुन्हा हलायला लागलंय म्हणे. पायाखालची बिलाची घडी कुणीतरी काढून नेली आहे.