चांगुणाचा कडता

“वजनाचं मला नका शिकवू,” कोंडाजीनं डायलिसिस सेंटरच्या सायली सिस्टरला पहिल्याच दिवशी ऐकवलं. “तीस वर्षं कांद्याच्या बाजारात मापारी होतो. लाखभर गोण्या तोलल्या. ही तर एकच बायको हे.”

सायलीचं म्हणणं साधं होतं. चांगुणाच्या किडन्या बसलेल्या. प्यालेलं पाणी अंगातच साठायचं, आणि आठवड्यातून तीनदा मशीन ते काढायचं. किती काढायचं ते वजनावर ठरायचं. कोरडं वजन पन्नास किलो. त्यावर जे चढेल ते पाणी. सेंटरचा काटा नेमका दुरुस्तीला गेलेला, म्हणून वजन घरी करून वहीत लिहून आणायचं.

कोंडाजीनं द्वारका चौकातल्या दुकानातून नवा कोरा काटा आणला. रोज सकाळी चांगुणाला त्यावर चढवायचा, आकडा वाचायचा आणि दीड-दोन किलो कमी करून लिहायचा. बाजारात गोणीचं, मातीचं, ओलाव्याचं वजन मालातून कापतात, त्याला कडता म्हणतात. हात बसलेला होता, आपोआप चालला.

वही बघून मशीननं पाणी कमी काढलं. चौथ्या दिवशी दुपारी चांगुणाचे पाय टम्म फुगले, धाप लागली, रिक्षात घालून दवाखान्यात आणावी लागली. डॉक्टरांनी वही उघडली.

“हे रोज वजा काय केलंय?”

“कडता, साहेब.”

“कशाचा?”

“लुगड्याचा. बांगड्यांचा. अन् बुधवारी तिनं डोकं धुतलं होतं, तो ओलावा.”

चांगुणानं तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. “शेतकऱ्यांना कापलं ते कापलं, आता मला कापा!” आणि मास्क परत लावला.

पुढच्या रविवारी देवळ्याला वेदिकाचं लग्न होतं. वेदिका चांगुणाच्या मेलेल्या बहिणीची पोर, चांगुणानंच वाढवलेली. आजारी पडल्यापासून चांगुणानं दुसरं काही मागितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, “शनिवारी दोन किलोच्या आत चढलेलं असेल तर जा. दोनच्या वर असेल तर लग्न विसरा. गेलात तर तिथंही लग्नाच्या संध्याकाळी वजन करा.”

कोंडाजी कामाला लागला. दिवसाचं पाणी एका बाटलीत, बाटलीवर रेघा. तिच्यादेखत तो स्वतः थेंब घ्यायचा नाही, मोरीत दडून प्यायचा. चांगुणाला बाहेर घोट मोजता यायचे.

शनिवारी सेंटरचा काटा परत आला होता. चांगुणा चढली, जरा झोकांडी गेली, कोंडाजीनं पटकन दंड धरला. आकडा आला अठ्ठावन्न किलो चारशे.

“गेलं लग्न,” चांगुणा म्हणाली.

सायली खाली वाकली. “काका, अंगठा काढा.”

कोंडाजीच्या उजव्या पायाचा अंगठा काट्यावर होता. काढला. एक्कावन्न किलो सातशे.

“बाजारात बी असाच ठेवायचे का?” चांगुणानं विचारलं.

कोंडाजी वहीत आकडा लिहू लागला.

रविवारी चांगुणानं वेदिकावर अक्षता टाकल्या, रडली, अर्धा कप चहा घेतला. संध्याकाळच्या वजनासाठी कोंडाजीनं पिशवीतून घरचा काटा आणला होता. तो मांडवात काढल्याबरोबर पाव्हण्यांची रांग लागली. “माझं बी बघा हो, मापारी!” कोंडाजी खुलला, कुणाला नाही म्हणाला नाही. चांगुणाचा नंबर येण्याआधी वरमाय चढली. काच मधोमध तडकली आणि आकडे गेले.

मग चांगुणाला पैठणीसकट शेजारच्या व्यापाऱ्याच्या खळ्यात नेऊन कांद्याच्या काट्यावर उभं केलं. कोंडाजी चार हात लांब थांबला. त्या काट्याची पावती छापून निघते.

मंगळवारी सायलीनं ती चांगुणाच्या फायलीला लावली. माल : उन्हाळ कांदा. गोणी : एक. वजन : एक्कावन्न किलो दोनशे. कडता : नाही. शेरा : माल थोडा ओला.