अंगणातला तरवड

प्रभाकररावांनी नारायणगुड्याच्या घरात, फाटकाजवळ तरवड लावला, तेव्हा इंदुमतीबाईंनी कपाळाला हात लावला होता. लोक गुलाब लावतात आणि आमचे वकीलसाहेब माळावरचं झुडूप घरी आणतात, असं त्या येईल त्याला सांगायच्या. झुडूपही तऱ्हेवाईक. पाणी जास्त झालं की रुसायचं, विसरलं की पिवळंधमक फुलायचं. पुढे शहराभोवतीच्या माळांवर अपार्टमेंटं उठली, तरवड दिसेनासा झाला आणि या झुडपाला मान आला. सर्वपित्री अमावास्येला तिथल्या तेलुगू बायकांचा बतुकम्मेचा सण सुरू होतो. त्या दिवशी गल्लीतल्या बायका परड्या घेऊन हजर. फुलांची उतरंड रचून, तिलाच देवी मानून तिच्याभोवती फेर धरायचा, तर त्यात तरवड हवाच. त्या त्याला तंगेडू म्हणत.

यंदा प्रभाकरराव नव्हते. उन्हाळ्यात गेले. मुलगा विनय कॉम्प्युटरच्या नोकरीपायी अमेरिकेत. बाईंना एकच घोर लागला होता: विधवेच्या दारची फुलं देवीला कोण नेणार? तोंडावर कुणी बोलणार नाही, परड्या तेवढ्या दुसरीकडे वळतील. ते बघायला नको म्हणून त्यांनी सकाळीच सगळी फुलं तोडली आणि ताटात भरून नवऱ्याच्या फोटोपुढे ठेवली. मग त्यांना रडू आवरेना.

दुपारी शेजारची राजम्मा आली. इतक्या वर्षांच्या शेजारात ती मराठी शिकली होती, आपल्या पद्धतीची. रिकामं झाड बघून ती थबकली.

"इंदुअम्मा, फुलं किधर गेली?"

"यांच्यापुढे वाहिली. वाटलं, यंदा तुम्ही येणार नाही."

"कायकू नाही येणार?"

बाईंनी आपल्या मोकळ्या कपाळाकडे बोट दाखवलं.

राजम्मा चिडलीच. "साहेब हर साल फांदी वाकवून धरायचे. तवा काय मी तुमचं कुंकू बघून फुलं नेली?"

"पण आता निर्माल्य झालं गं."

"आज पहिला दिवस. आज आमच्यात शिळी फुलं चालतात. साहेबांपुढची तर बराबर चालतात."

ती आत आली, फोटोला हात जोडले. ताटाला मात्र शिवली नाही.

"घे ना," बाई म्हणाल्या.

"मी कशी उचलू? तुम्ही वाहिली, तुम्हीच घेऊन चला. बायका खोळंबल्यात."

इंदुमतीबाईंनी पदर सारखा केला, ताट उचललं, फोटोकडे बघून सवयीनं "येते हं" म्हणाल्या आणि राजम्माच्या मागोमाग निघाल्या.