सुट्टी एक दिवस आधी

"अम्मी, तो बघ, टाकीच्या वर. तोच ना?"

"ते विमान आहे, बाळा. सरकतंय बघ."

गच्चीवर मुलगी टाचा उंचावून उभी होती आणि धाकटा आईच्या कडेवरून हात नाचवत होता. आई नर्स, म्हणून सगळी इमारत तिला सिस्टरच म्हणायची. आज ती पोरांहून उतावीळ झाली होती. चंद्र दिसला की उद्या ईद, आणि उद्या तिला सुट्टी. शेजाऱ्यांच्या मोठ्या सणाला गल्ली दिव्यांनी उजळली होती, तेव्हा मुलं खिडकीला नाक लावून बसली होती आणि ती मैत्रिणीची ड्यूटी करत होती. त्या बदल्यात मैत्रीण उद्या तिच्या जागी उभी राहणार होती. मुलीने तर वर्गभर दवंडी पिटली होती की उद्या आमचा सण.

तेवढ्यात नवऱ्याचा मशिदीतून फोन आला. "कुठेच दिसला नाही गं. उद्या रोजा, ईद परवा."

बदली परवा करता येईल का, हे विचारायला सिस्टरने तिथूनच मैत्रिणीला फोन लावला. परवा तिच्या लेकीच्या कानाचं ऑपरेशन होतं. बिचारी रडकुंडीला आली. "राहू दे, तू लेकीजवळ थांब," सिस्टर म्हणाली. फोन ठेवल्यावर मात्र तिला फार वाईट वाटलं.

मुलगी फुरंगटली. "त्यांचा सण कॅलेंडरवर छापलेला असतो. आपलाच असा कसा? सगळे मला थापाडी म्हणतील. आपण उद्याच करू ना."

"चंद्र न बघता? तो काय आपल्या घरचा गडी आहे, हाक मारली की यायला?" सिस्टर हसली. "त्यांचा छापलेला असतो. आपला शोधावा लागतो. वर्गात सांग, डोळे तेज असतील तर या शोधायला."

सुट्टीचा दिवस रोज्यात आणि घर झाडण्यात गेला. संध्याकाळी रोजा सोडून, तोंडातला खजूर घोळवतच मायलेकरं गच्चीवर पोचली, तर पाय ठेवायला जागा नव्हती. अर्धा वर्ग लोटला होता. एकाने वडिलांची दुर्बीण आणली होती, दोघं पाण्याच्या टाकीवर चढू बघत होते, आणि शेजारच्या काकू त्यांच्या पाठीत धपाटे घालत होत्या.

"दिसला, दिसला! मी पहिली!" काकूंची वेणीवाली नात किंचाळली आणि एकच गलका झाला. सिस्टरची मुलगी तर नाचायचीच बाकी होती. "उद्या सगळ्यांनी आमच्याकडे यायचं," ती ओरडून सांगत होती.

"मावशी, तुम्हाला उद्या सुट्टी ना?" नातीने विचारलं.

"माझी झाली गं आज. तुम्ही या. मी संध्याकाळी येतेच."

खाली येऊन तिने इस्त्री तापवली. वरचा गोंगाट अजून ऐकू येत होता. मुलांचे नवे कपडे तिने दाराला टांगले आणि मग ड्यूटीचा पांढरा गणवेश घेतला. त्याच्या कॉलरवरून तिने इस्त्री पुन्हा एकदा फिरवली. सणाचा कपडा होता शेवटी.