झाडोबांच्या अंगणातलं झाड

जन्मभर लोकांची झाडं तोडून खाली उतरवणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या अंगणातलं झाड तेवढं उभं, याची गल्लीत भरपूर थट्टा होई. त्याला सगळे झाडोबा म्हणत. कुणी झाडाबद्दल विचारलं की उत्तर जिभेवर तयार: पानं गळलेली हवीत, घरटी रिकामी हवीत, जमीन टणक हवी आणि वारा पडलेला हवा. एवढं जुळलं की खुशाल झाड उतरवा. त्याच्या स्वतःच्या झाडाचं मात्र काही केल्या जुळत नव्हतं.

जुळत नव्हतं, कारण त्याची बायको जुळू देत नव्हती.

पालवी फुटल्यावर त्यानं दोर काढला की ती म्हणायची, "अहो, वर पिल्लं आहेत. चिवचिव ऐकू येत नाही का?" पावसात म्हणायची, "साल शेवाळलीय, पाय घसरेल." मागच्या पानगळीत ना घरटं होतं ना वारा, तेव्हा तिनं त्याच्या खोकल्यावर बोट ठेवलं. खोकला तसा चार दिवसांचा पाहुणा. तिनं त्याला आग्रह करकरून पानगळ संपेपर्यंत ठेवून घेतला. आणि गंमत म्हणजे झाडोबा लगेच ऐकायचा. "तू म्हणतेस तर राहू दे," की दोर परत खुंटीला. एरवी हा माणूस चहात साखर किती घातली यावरूनही तासभर वाद घालणारा.

तिला खरं कारण ठाऊक होतं. एकदा माळ्यावरचा डबा काढायला तो स्टुलावर चढला होता, मान वर केली आणि असा काही झोकांडला, की तिनं धावत जाऊन कमरेला मिठी मारली. "स्टूल लंगडं आहे," तो म्हणाला. स्टूल ठणठणीत होतं. त्यानंतर तिनं त्याला वर बघताना नीट पाहिलं. मान वर गेली की त्याचा हात हळूच भिंत शोधायचा.

आता ही गोष्ट तो बोलेना, आणि तो बोलेना म्हणून तीही बोलेना. त्यांचं काम पहिल्यापासून दोघांचं. तो वर, ती खाली. दोराचं एक टोक त्याच्या कमरेला, मधला दोर वरच्या बळकट बेचक्यातून, दुसरं टोक खाली एका खांबाला वेढा देऊन तिच्या हातात. नवी नवरी म्हणून आली तेव्हा इतरांचे नवरे बायकांना फिरायला नेत, हिला यानं झाडाखाली नेऊन उभं केलं आणि म्हणाला, "माझा जीव धर." इतकं गोड तो पुन्हा कधी बोलला नाही. पण दुसऱ्या कुणाच्या हातात दोर असला तर तो जमीन सोडत नसे.

यंदा झाडाच्या वरच्या भागाला भेग गेली. मोठी फांदी शेजारच्या शिंप्याच्या छपरावर झुकली होती, आणि शिंपी दिवसभर त्याच छपराखाली मशीनवर बसलेला. "मी आधी वर बघतो, मग सुईत दोरा ओवतो," तो बिचारा हसत म्हणायचा. बापाचाच धंदा करणारी लेक म्हणाली, "बाबा, मी उतरवते."

"माझ्या अंगणातलं झाड मीच उतरवणार," झाडोबा गरजला. "ज्या दिवशी ते जमणार नाही, त्या दिवशी झाडोबा संपला म्हणा."

पानगळ आली. घरटी रिकामी, जमीन टणक, वारा चिडीचूप. एका सकाळी त्यानं दोर काढला आणि अंगणात बसून गाठ मारायला घेतली. एरवी डोळे मिटून मारायचा ती गाठ तीनदा सुटली. तो बायकोकडे बघत होता. तिनं काहीतरी बोलावं, म्हणून वाट बघत होता.  तिच्याकडे एकही सबब उरली नव्हती.

"मी दोर धरणार नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"बोटं गेलीत हो माझी. पकडच राहत नाही. काल भरलेली बादली सुटली हातातून. तुम्हाला सांगायची लाज वाटत होती."

बादली-बिदली काही सुटली नव्हती. उलट त्याच सकाळी तिनं दोन भरलेल्या बादल्या एका दमात घरात नेल्या होत्या.

झाडोबानं तिचे हात हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले. "आधी सांगायचं नाहीस, वेडे?" एवढंच म्हणाला, पण छातीवरचा धोंडा उतरावा तसा त्याचा श्वास सुटला. मग ताठ मानेनं कुंपणापाशी गेला आणि शिंप्याला ऐकवलं, "आमच्या हिच्या हातांत जोर राहिला नाही. दुसऱ्याच्या भरवशावर मी चढत नसतो. माझं चढणं बंद!" जणू बायकोसाठी राज्यावर पाणी सोडलं होतं. उभ्या गल्लीत आपण म्हातारी ठरलो हे तिला जरा झोंबलं. पण तो जमिनीवर होता, आणि त्यापुढे तिला सगळं स्वस्त वाटलं.

दुसऱ्या दिवशी लेक झाडावर चढली. खाली दोर झाडोबानं घेतला, पहिल्यांदाच. "तू मागे नुसता हात लाव," तो बायकोला म्हणाला. लेकीनं झुकलेली फांदी तुकड्यातुकड्यानं कापून दोरीनं खाली सोडली. शेवटच्या तुकड्याला पायाखालची साल निसटली आणि ती लटकली. झाडोबानं दचकून वर पाहिलं. मान वर गेली, तोल गेला, मुठी उघडल्या.

दोर हलला नाही.

लेकीनं पायांनी बेचकं शोधलं, बूड टेकलं आणि वरून ओरडली, "बाबा, काय धरलंत हो! दगडासारखं!"

झाडोबानं हळूच मागे वळून पाहिलं. बायको टाचा रोवून, दात आवळून उभी होती. दोर तिच्या मुठींत असा आवळलेला, की बोटं पांढरी पडली होती. तो त्या मुठींकडे बघत राहिला. ती त्याच्याकडे बघेना.

मग तो सरकत तिच्या अगदी जवळ आला, तिच्या हातांवर आपले हात ठेवले आणि कानाशी पुटपुटला, "अगं, जरा सैल धरल्यासारखं कर. शिंपी बघतोय."